जावयाने सरकवलेलं ताट

सांद्राम कफुका गावात पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याआधी त्याचा वास आला. सरोवराकाठची वाळवलेली मासळी दोन टोपल्यांत भरून, ती सायकलला बांधून तो निघाला होता. कफुकातली माणसं आजही छातीवर हात ठेवून सांगतात, की तो डोंगरापलीकडे असतानाच गावातली झाडून सगळी कुत्री रस्त्याच्या कडेला ओळीने बसली होती, जसा काही मंत्री येणार होता. चर्चमधला पाद्री प्रवचन अर्ध्यावर थांबवून म्हणाला म्हणे, की बंधूंनो, पुढचं देव पुढच्या रविवारी बोलेल.

एगिरिता त्या वेळी अंगणात शेंगा फोडत बसली होती. एगिरिता शेंगा फोडायला बसली, की टरफलं अशी उडत की कोंबड्या लांबून वळसा घालून जात, आणि शेजारची म्हातारी पाऊस आला समजून दोरीवरचे कपडे काढायला धावे. सांद्रामने सायकल टेकवून "नमस्कार बाई, घरचे सगळे बरे आहेत ना" एवढं विचारेपर्यंत तिची एक टोपली रिकामी झाली होती, आणि त्याने उत्तराची वाट पाहिली तोवर दुसरी.

"मासळी कशी?" तिने मान वर न करता विचारलं.

त्याने भाव सांगितला. ती हसली. अशी हसली की सायकल पडली.

सौदा सुरू झाला तेव्हा मका गुडघ्याएवढा होता. संपला तेव्हा कणसं घरात येऊन पडली होती, सायकलच्या चाकांतली हवा आपण होऊन निघून गेली होती आणि सांद्राम एगिरिताचा नवरा झाला होता. मासळीचा भाव शेवटपर्यंत ठरला नाही.

कफुकात नवरा झाला म्हणजे घरजावई झाला. जमीन बायकोची, घर बायकोच्या अंगणात, मुलं बायकोच्या कुळाची, आणि मुलांवर शब्द चालतो तो त्यांच्या मामाचा. जावयाने कुदळ चालवावी, छप्पर शाकारावं, बोलणं निघालं तर पावसापाण्याचं बोलावं. मतं असतीलच तर ती माहेरी, म्हणजे त्याच्या आईच्या गावी, ठेवून यावीत. सांद्रामने बहुतेक मतं सरोवराकाठीच ठेवली होती. एक मात्र चुकून सायकलवरून बरोबर आलं होतं, आणि ते होतं पाण्याबद्दल.

तो मासळी वाळवणाऱ्यांच्या घरातला. त्यांच्याकडे बोलायला लागलेल्या पोराला आधी आई म्हणजे काय ते कळतं आणि मग हे कळतं, की एकदा वाळलेल्या जिनसेला पुन्हा पाणी लागू द्यायचं नाही. माचावरच्या मासळीवर पाऊस आला आणि झाकायला उशीर झाला, तर ती मासळी गेली. तिच्याबद्दल वाद नाही, पंचायत नाही, पुन्हा उन्हात घालणं नाही. फेकायची. आणि इथे त्याची बायको, आणि बायकोची बहीण, आणि गावातली यच्चयावत बाई, चांगल्या खडखडीत वाळलेल्या शेंगा फोडायच्या आदल्या दिवशी घमेल्यात घालून त्यांवर पाणी ओतत होती.

पहिल्या वर्षी हे पाहून सांद्रामच्या तोंडून आवाज निघाला. शब्द नव्हता, नुसता आवाज.

"काय झालं?" एगिरिता म्हणाली. "विंचू चावला?"

"तू शेंगा भिजवतेयस."

"मग? कोरड्या फोडू? हे बघ." तिने अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. "कोरड्या शेंगांनी हा अंगठा फाटतो. भिजली की टरफल मऊ होतं, दाबलं की उघडतं. माझी आई भिजवायची. आजी भिजवायची. तुमच्याकडे शेंगा काय माशांकडून फोडून घेतात?"

म्हणजे तिच्या त्या जगप्रसिद्ध वेगाचं गुपित हे होतं. सांद्रामला फसवल्यासारखं वाटलं, पण लग्न झालं होतं. शिवाय तिचा अंगठा खरंच हातात घेण्यासारखा होता, आणि त्याने तो घेतला. पाण्याचा वाद तिथे संपायला हवा होता. तो दर हंगामात नव्याने सुरू होई आणि दर हंगामात तो हरे. हरताना त्याला एकच सवलत मिळाली. बियाणं त्याचं. पेरायच्या शेंगा भिजवल्या तर उगवत नाहीत एवढं एगिरितालाही ठाऊक होतं. म्हणून बियाण्याच्या शेंगा सांद्राम आपल्या पद्धतीने वाळवी, बांबूच्या माचावर, सावलीत, खालून वर वारा खेळवून, आणि टोपलीत भरून चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवी. येणाजाणारा म्हणे, एगिरिताचा नवरा शेंगांचं सुकट करतो.

पुढे त्यांना मादालो झाली. तेव्हापासून तो तिला मादालोची आई म्हणू लागला आणि ती त्याला मादालोचे बाबा. मुलगी दिसायला बापासारखी आणि आवाजाने आईसारखी निघाली. उलट झालं असतं तर गावाला जरा विश्रांती मिळाली असती. मादालोचं एका घरात जेवून भागत नसे. आपल्या घरी जेवली की ती मावशीकडे, म्हणजे एगिरिताच्या धाकट्या बहिणीकडे, फालेसीकडे जाई, आणि तिथे नुकतीच उपासातून उठल्यासारखी जेवे. कफुकात पोरांना कोणी हाकलत नाही. ज्या अंगणात न्सिमाचं, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचं, पातेलं उतरलं ते आपलं घर.

त्या वर्षी बायकांच्या क्लबची अध्यक्ष एगिरिता होती. शहरातली एक कंपनी सगळ्यांचे दाणे एकदम घेणार होती. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीपासून ती रस्त्याने अशी चाले की वाटेतल्या बकऱ्या उठून उभ्या राहत. कृषिखात्याचा सल्लागार फानुएल मोटारसायकलवरून येई आणि भुईमूग उपटून दाखवी. शेंगेच्या आतल्या बाजूला काळपट डाग धरला की ती तयार झाली. त्याआधी काढली तर दाणा सुरकुततो, त्यानंतर जमिनीत राहिली तर टरफलाला भेगा पडतात आणि बुरशी आत जाते. वेल उपटले की गोल रचायचे, शेंगा आतल्या बाजूला, मध्ये पोकळी, म्हणजे वारा फिरेल आणि ऊन लागणार नाही. सांद्राम मागे उभा राहून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर परदेशात आपली भाषा ऐकू आलेल्या माणसाचा भाव होता.

"आणि पाणी?" त्याने हळूच विचारलं.

"पाणी अजिबात नाही," फानुएल म्हणाला.

सगळ्या बायकांनी वळून सांद्रामकडे पाहिलं. फालेसी म्हणाली, "भावोजी, तुम्ही याला किती मासे दिलेत?"

शेंगा अगदी वेळेवर तयार झाल्या. आतून काळपट, पाला पिवळा, आभाळ कोरडं. सोमवारी काढणीला लागायचं ठरलं, आणि रविवारी गावाचा म्हातारा प्रमुख वारला.

गावात प्रेत असताना शेतात कुदळ पडत नाही. साधा माणूस गेला तर त्याला पुरेपर्यंत पडत नाही. हा तर प्रमुख. त्याच्या वंशातले लोक लांबलांबच्या गावांहून यायचे होते, मुखवटेवाले नाचायला यायचे होते, आणि मुखवटे जंगलातून बाहेर पडले की बाईमाणसाने शेताच्या वाटेला पाऊल ठेवायची सोय उरत नाही. म्हाताऱ्याने आयुष्यभर कुणाला कधी वेळेवर जेवू दिलं नव्हतं, मेल्यावर तरी तो घाई कशी करणार? एक नातेवाईक झांबियाच्या सीमेवर अडकला. एक आला तो दुसऱ्याच गावच्या मयताला जाऊन तिथे तीन दिवस रडला, आणि चूक कळल्यावर थकला म्हणून झोपला. सगळं गाव जमिनीवर बसून रडत होतं, जेवत होतं, पुन्हा रडत होतं. आणि पलीकडे रानात भुईमूग जमिनीखाली पिकून, थांबून, वाट पाहून, शेवटी तिथल्या तिथे उगवायला लागला होता. वर अवेळी पाऊसही आला, दोन रात्री.

सांद्राम मयताच्या घरी पुरुषांत बसला होता. शेजारी त्याचा मेव्हणा झकालिया, एगिरिताचा थोरला भाऊ, मादालोचा मामा, या घराचा शेवटचा शब्द.

"मामा," सांद्राम कुजबुजला, "शेंगा कुजतील."

झकालियाने सावकाश त्याच्याकडे पाहिलं. "दाजी, तुमच्याकडे सरोवरावर माणूस मेला की मासे धरतात?"

"नाही."

"मग रडा."

सांद्राम रडला. त्याला रडायला खरं कारणही होतं, फक्त ते वेगळं होतं.

वेल उपटले तेव्हा अर्ध्या शेंगा मातीतच तुटून राहिल्या. ज्या आल्या त्या ओल्या होत्या. गोल रचायला वेळ नव्हता, कारण कंपनीच्या ट्रकची तारीख लागली होती आणि तारीख काही रडायला थांबली नव्हती. शेंगा अंगणात ढीग करून टाकल्या, बियाण्यापुरत्या निवडक शेंगा तेवढ्या सांद्रामने आपल्या माचावर पसरल्या. वरच्या वाळल्या, खालच्या तापल्या. हात घातला तर ताज्या शेणात घातल्यासारखं वाटे. मग फोडणी. आणि इतका माल, इतक्या थोड्या दिवसांत, म्हणजे पाणी. एगिरिताने फानुएलचं सगळं ऐकलं होतं, तिला ते पटलंही होतं, आणि तिने घमेली भरली.

"मादालोची आई," सांद्राम म्हणाला.

"ट्रक येणार आहे."

"तरी पण."

"मग तुम्ही फोडा. या. बसा. कोरड्या फोडा. आम्ही मयतातून उठलोय, पाठ मोडलीय, आणि हे दाराशी उभं राहून तरी पण तरी पण."

तो बसला. कोरड्या शेंगा फोडायला लागला. दुपारपर्यंत त्याच्या दोन्ही अंगठ्यांतून रक्त आलं आणि तळहाताएवढी रास झाली. फालेसीने ती सुपात घेऊन सगळ्या बायकांना फिरवून दाखवली.

ट्रक आला, पोती भरून गेला. बायकांनी रस्त्यावर नाच केला. काही दिवसांनी ट्रक पुन्हा आला आणि त्यात तीच पोती होती. पाठवून दिलेला जावई परत यावा तसा सगळा गाव नुसता बघत उभा राहिला. ड्रायव्हर उतरला नाही. फानुएल उतरला.

त्याने मूठभर दाणे हातात घेऊन दाखवले. काहींवर हिरवट पिवळी भुकटी होती. काही दिसायला स्वच्छ होते. "तपासलं," तो म्हणाला. "यात विष आहे. दिसतं त्यात आहे आणि दिसत नाही त्यातही आहे. भाजून जात नाही, कुटून जात नाही, उकळून जात नाही. हे पुरून टाका. कोंबड्यांनाही घालू नका."

"खाल्लं तर मरतो का माणूस?" झकालियाने विचारलं.

"आज नाही. यकृतात बसतं. वर्षानुवर्षं. लहान मुलांची वाढ खुंटते."

"म्हणजे आज नाही मरत."

"आज नाही."

फानुएल खरं बोलला, आणि तिथेच त्याने बाजी घालवली. मोटारसायकल वळणाआड गेली तशी झकालिया म्हणाला, "जे विष आज मारत नाही त्याला आमच्याकडे म्हातारपण म्हणतात." सगळे हसले. पोती वाटून घरोघर गेली. बायकांनी भुकटी लागलेले दाणे निवडून वेगळे काढले. चांगले दिसले ते बाजाराला ठेवले, आणि निवडून काढलेले, सुरकुतलेले, काळे, नेहमीप्रमाणे घरच्या कुटासाठी उखळाशी गेले. टाकून कसं द्यायचं? सुगीचे महिने कधीतरी संपतात आणि मग भोपळ्याच्या पाल्यात दोन मुठी कूट असलं तरच तो पाला घशाखाली उतरतो.

एगिरिताही कुटायला बसली. मोठ्याने बोलत नव्हती, यावरूनच सांद्रामला कळलं की तिलाही बरं वाटत नाहीये. त्याने चिमूटभर कूट जिभेवर ठेवलं. कडू होतं.

"नको," तो म्हणाला.

"मग कालवणात काय घालू? तुमचं मत?"

त्या दिवशी दुपारी बायका आणि पोरं चुलीपाशी गोल बसून जेवत होती, पुरुष नेहमीप्रमाणे वेगळे. सांद्राम हात धुवायला तिकडून गेला. मादालो पाल्याच्या वाटीत न्सिमाचा गोळा बुडवत होती. वाटी काठोकाठ, वर कुटाची दाट साय. काय झालं ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नाही. तो वाकला, मुलीच्या हातातला घास काढून घेतला, वाटी उचलली आणि चुलीच्या राखेत उलटी केली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या घरात विष आहे."

उखळात मुसळ अर्ध्यावर थांबलं.

सरोवराकाठी हे वाक्य मासळीबद्दल बोलतात, बायका खांदे उडवतात आणि टोपली ओततात. कफुकात जावयाने सासुरवाडीचं ताट सरकवून हे वाक्य म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो. या घरातल्या बायका विषप्रयोग करतात. चेटूक करतात. मला मारायला निघाल्यात, आणि माझ्या पोरीलाही. त्यावर जावयाला दोन गोष्टी मिळतात: त्याची गोधडी आणि त्याची कुदळ. मुलगी मिळत नाही. मुलगी आईच्या कुळाची.

फालेसी उठली आणि भावाकडे गेली. एगिरिता राखेकडे पाहत राहिली.

"मी शेंगांबद्दल म्हणालो," सांद्राम म्हणाला.

"मला कळलं," ती म्हणाली. "पण तुम्ही शेंगा म्हणाला नाहीत. घर म्हणालात."

चावडी बसली. नव्या प्रमुख म्हणून लेझिना आजी आल्या होत्या. वारलेल्या म्हाताऱ्याच्या बहिणीची ही मुलगी. त्यांचा हा पहिलाच न्याय होता, त्यामुळे त्या फार हळू बोलत, पदाला शोभावं म्हणून. बायकोच्या बाजूने मध्यस्थ झकालिया. सांद्रामच्या बाजूने त्याचा मामा बिस्विकी सरोवराहून मिनीबसने आला, बरोबर मासळीचं पुडकं घेऊन. मिनीबसमधल्या लोकांनी त्याला शेवटचे काही मैल टपावर बसवलं होतं.

झकालिया उठला. "आमचे दाजी चांगले आहेत. काम करतात, पीत नाहीत, रडायला सांगितलं तर रडतात. पण यांनी आमच्या बहिणीचं ताट राखेत ओतलं. आमच्या घरच्या बायका चेटकिणी आहेत का, एवढंच आम्हाला विचारायचं आहे."

"माझा भाचा मूर्ख आहे," बिस्विकी मामांनी ताबडतोब कबूल केलं. "लहानपणी होडीतून पडला होता."

"मी शेंगांना म्हणालो," सांद्राम उठून म्हणाला. "सल्लागार म्हणाले तेच म्हणालो. उशिरा काढल्या, ढीग करून तापवल्या, वर भिजवल्या. बुरशी आहे. ती विषारी असते."

"शेंगा कुणाच्या?" लेझिना आजींनी विचारलं.

"आमच्या. म्हणजे... यांच्या."

"काढल्या कुणी?"

"यांनी."

"भिजवल्या कुणी?"

सांद्रामने एगिरिताकडे पाहिलं.

"कुटल्या कुणी, रांधल्या कुणी, वाढल्या कुणी?" आजी आणखी हळू बोलल्या. "मग विष शेंगांनी घातलं की बायकांनी?"

बिस्विकी मामांनी त्याचा शर्ट मागून ओढला. चावडीत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. एगिरिता बायकांत मान खाली घालून बसली होती. मादालो तिच्या मांडीवर झोपली होती. सांद्रामने तिच्या लोंबत्या पायाकडे पाहिलं आणि त्याला इतर काही दिसेना.

आजींनी निकाल दिला. प्रमुखाच्या मयतात पिकं बिघडली हा दोष कुणाचा नाही. चेटकाचा आरोप फार मोठा आहे, पण जावई परक्या भागातला आहे आणि होडीतून पडलेला आहे. त्याने जेवण नाकारलं, तर ते जेवूनच मिटवावं. उद्या दुपारी, इथेच, सगळ्यांसमोर, बायकोने परत आलेल्या पोत्यातलंच कूट घालून रांधावं आणि त्याने ताट पुसून खावं. खाल्लं तर घर त्याचं. नाही खाल्लं तर त्याने आपल्या मामाबरोबर मिनीबसने जावं.

"टपावर," झकालिया म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एगिरिताने सगळ्यांदेखत पोतं सोडलं. सगळ्यांदेखत दाणे सुपात घेतले, निवडलेसुद्धा नाहीत, कुणी काही म्हणू नये म्हणून. उखळात टाकून कुटले. कूट पोरांच्या नाकाखालून नेलं. मग चुलीपाशी, आपल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात, एकटी गेली, कारण चूल काही चावडीत नेता येत नाही.

ताट आलं. न्सिमाचा पांढराशुभ्र गोळा, शेजारी पाला, वर साय. गाव गोल बसला. सांद्रामने हात धुतले. पहिला घास घेतला, आणि तो थांबला.

गोड होतं. भरलेल्या, नीट वाळलेल्या दाण्याची ती गोडी त्याला ओळखीची होती, कारण ती त्याच्याच माचावर, त्याच्याच सावलीत तयार झाली होती. हे बियाणं होतं. पुढच्या वर्षीचं रान होतं ते. कफुकात बियाणं खाणाऱ्या घराला नाव ठेवतात, आणि ज्या बाईने आयुष्यात एक शेंग फुकट घालवली नव्हती तिने ते त्याच्या एका जेवणासाठी कुटलं होतं.

त्याने मान वर केली. एगिरिता उभी होती, कमरेवर हात ठेवून, भांडायला आल्यासारखी. तिचे डोळे मात्र भांडत नव्हते. ते म्हणत होते, खा, आणि तोंड उघडायचं ते खाण्यापुरतं.

एवढंच त्याला बोलता आलं असतं: हे दाणे ते नव्हेत. मग ती खोटी ठरली असती, तो टपावर गेला असता आणि मुलगी इथे राहिली असती. तो खात राहिला. ताट बोटाने पुसलं. बिस्विकी मामा तर कौतुकाने रडायलाच लागले.

झकालिया वाकून जवळून त्याच्याकडे बघत होता, उकळतं पाणी बघावं तसा. "पोटात काही?"

"नाही."

"कडू?"

"नाही."

"बसा जरा."

तो बसला. सावली एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. तो मेला नाही. लेझिना आजींनी हात वर केला आणि म्हटलं, "जावई जिवंत आहे." एवढ्यावर न्याय संपला. पण गावाने त्यातून जास्त घेतलं. फालेसी घरी गेली ती थेट पोत्याकडे. ज्या बायकांनी फानुएलच्या बोलण्याने घाबरून पोती कोपऱ्यात ढकलली होती, त्यांनी ती संध्याकाळपर्यंत सोडली. सगळ्या अंगणांतून उखळांचे आवाज येऊ लागले. सांद्राम आणि एगिरिता त्या आवाजातून घरी चालत गेले.

"बियाणं होतं," तो म्हणाला.

"मग काय, मारून टाकू तुम्हाला?"

"आणि हे सगळे?"

एगिरिता फालेसीच्या अंगणापाशी हळू झाली. "मी त्यांना खा म्हटलं नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "खाऊ नका असंही आता म्हणता येत नाही."

आपल्या वाट्याची पोती तिने विटांसाठी माती काढलेल्या खड्ड्यात ओतली आणि बहिणीला सांगितलं, वाळवी लागली. बहिणीला तिची कीव आली. तिने एक टोपली दाणे पाठवून दिले.

सांद्रामने एकदा प्रयत्न केला. झकालिया छपराची दोरी वळत बसला होता. "मामा, त्या दिवशीचं ते कालवण..."

"दाजी," झकालिया दोरी न सोडता म्हणाला, "चावडी एकदा बसली की बसली. परत बसवायची असेल तर गोधडी बरोबर घेऊन या."

फानुएलही पुन्हा आला. बायकांनी त्याला घेरलं. "हे बघा आमचे जावई. याच पोत्यातलं, गावासमोर, ताट पुसून. बघा की कसे गालावर आलेत." फानुएलने सांद्रामकडे पाहिलं, माणूस अंधारात काठी चाचपतो तसं. त्याला एक शब्द हवा होता. सांद्राम खाली बसून सायकलच्या साखळीला तेल घालू लागला. साखळीला तेलाची गरज नव्हती.

घरात आता तिघांच्या वाटीत पाला नुसता मिठाचा असे. मादालो तो दोन घास खाई आणि उठून मावशीच्या अंगणाकडे पळे, जिथे कालवणावर साय असे. सांद्राम दारात उभा राहून तिला जाताना पाही. तिच्या पुढ्यातली वाटी त्याने पुन्हा उचलली असती तर काय झालं असतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि फालेसी तर त्याला बघून मुद्दाम म्हणे, "या ना भावोजी, तुम्हीही या. तुम्हाला आमचं पचतं."

फालेसीची पोती डिसेंबर लागायच्या आत संपली, आणि तोवर मादालो रोज तिथेच जेवली.